दूरवरच्या मोठ्या भूकंपाने भूगर्भातील ताण कसा बदलतो?

प्रश्न
मोठ्या भूकंपानंतर त्या प्रस्तरभंगाच्या (ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात, तिच्या) आसपासच्या खडकांतील ताण बदलतो आणि त्यातून पुढचे धक्के बसतात, एवढे समजते. परंतु १९९२ साली कॅलिफोर्नियात लँडर्स येथे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाल्यावर सुमारे १,२५० किलोमीटरवरील यलोस्टोन या अमेरिकेतील भूऔष्णिक (जमिनीखाली उष्णता व गरम पाणी असलेल्या) प्रदेशापर्यंत छोट्या भूकंपांची संख्या वाढली, असे वाचनात आले. इतक्या दूर ताण पोहोचतो तरी कसा? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद
प्रस्तरभंगाच्या दोन बाजू सरकल्या की भोवतालचा खडक कायमचा विरूप होतो. त्यामुळे काही भागांत ताण वाढतो, तर काही भागांत कमीही होतो. ऑगस्ट १९९९ मध्ये तुर्कस्तानातील इझमितला आणि नोव्हेंबरमध्ये त्याच्या पूर्वेला द्युझ्जेला जे भूकंप झाले, त्यांचा संबंध याच बदलाशी जोडला जातो. मात्र हा बदल अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे अंतर दहापट झाले की परिणाम हजारपटीने कमी होतो. यलोस्टोनच्या अंतरावर त्यातले जवळपास काहीच उरत नाही. तेथवर पोहोचतात ते पृष्ठतरंग, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणारे भूकंपाचे तरंग. त्यांची शक्ती अंतरानुसार बरीच सावकाश घटते आणि वाटेतला खडक ते कित्येक मिनिटे आळीपाळीने दाबत व ताणत राहतात. हा ताण बहुधा काही किलोपास्कल ते दहांच्या पटीतील किलोपास्कल एवढाच असतो, तर भूकंपात मोकळा होणारा ताण मेगापास्कलमध्ये (एक मेगापास्कल म्हणजे हजार किलोपास्कल) मोजावा लागतो. त्यामुळे जो प्रस्तरभंग आधीच सरकण्याच्या बेतात आहे, तोच या तरंगांनी हलतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पण तरंग तर निघून जातात; मग काही धक्के तासांनी किंवा दिवसांनी का बसतात?

प्रतिसाद
याचे मला सर्वांत पटणारे उत्तर खडकांच्या फटींतील पाण्यात आहे. भूऔष्णिक प्रदेशांत या फटी खनिजांच्या साक्याने बुजलेल्या असतात; हेलकाव्यांनी तो साका सुटला की दाबाखालचे पाणी नव्या वाटेने प्रस्तरभंगात शिरते, त्याच्या दोन बाजूंना घट्ट धरून ठेवणारा दाब हलका करते, आणि हे सारे सावकाश घडते. २००२ मध्ये अलास्कातील डेनाली येथे ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा ३,००० किलोमीटरहून दूर असलेल्या यलोस्टोनमध्ये छोटे भूकंप तर झालेच, शिवाय काही उष्णोदकाच्या फवाऱ्यांच्या उद्रेकांमधला कालावधीही बदलला. पाण्याचा हात असल्याची याहून बोलकी खूण मिळणे कठीण. चिलीतील २०१० च्या ८.८ तीव्रतेच्या भूकंपानंतर ओक्लाहोमातील प्रागजवळ छोटे धक्के बसले, तेही सांडपाणी जमिनीत खोल सोडले जात होते अशा जागी.

आणखी एक प्रतिसाद
एक पुरवणी. दूरवर चाळवले जाणारे भूकंप बहुतेक लहानच असतात. ठळक अपवाद ११ एप्रिल २०१२ चा: सुमात्राजवळ हिंदी महासागरात ८.६ तीव्रतेचा भूकंप झाल्यावर पुढील सहा दिवसांत ५.५ व त्याहून अधिक तीव्रतेच्या भूकंपांचे जगभरातील प्रमाण स्पष्टपणे वाढले होते. त्या भूकंपात खडक आडवे सरकले होते, आणि अशा हालचालीतून जमीन आडवी हलवणारे पृष्ठतरंग फार जोरकस निघतात.