लुगर पिस्तुलावर मुकुट आणि ‘एम २’: नेमकं कुठलं, आणि किंमत काय धरावी?

डिचोलीकर

नमस्कार. वडिलांच्या लायसनवरचं एक पिस्तूल ते वारल्यापासून पणजीतल्या एका आर्म्स डीलरकडे जमा आहे. लायसनच्या वहीत फक्त ‘७.६५ एमएम पिस्तूल, जर्मन मेक’ एवढीच नोंद. वारसांच्या वाटणीच्या इन्व्हेंटरीत किंमत लिहायची म्हणून डीलरसमोर नीट पाहिलं. नळी १२० मिमी. वरच्या सांध्यावर वेलबुट्टीदार अक्षरांत डीडब्ल्यूएम. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाच्या, माथ्यावर मुकुट, त्याखाली एम अक्षरात गुंफलेला २. मुठीच्या पाठीवर तळव्याने दबणारी पट्टी. गरुड किंवा स्वस्तिक कुठेच नाही. एक जण म्हणतो पहिल्या महायुद्धातलं, दुसरा म्हणतो नकली. अमेरिकेतल्या लिलावांचे आकडे धरायचे का? आणि डाव्या अंगाला गंज आहे, तो काढूनच मूल्यांकनाला दाखवावं का?

जुनं_लोखंड

तूर्त गंजाला अजिबात हात लावू नका. तो विषय शेवटी.

पिस्तूल जर्मन बनावटीचं, पण जर्मन सैन्याचं नाही. ‘एम २’ म्हणजे पोर्तुगालचा राजा मानुएल दुसरा. तो १९०८ ला गादीवर आला आणि ऑक्टोबर १९१० मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर पायउतार झाला. त्याच्या सैन्यासाठी बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्याने बनवलेलं हे लुगर, पोर्तुगीज नोंदींत एम/९०९. नळी १२० मिमी, काडतूस ७.६५ पॅराबेलम, मुठीला सेफ्टी: तुम्ही लिहिलंय ते सगळं जुळतं. जर्मन सैन्याचं १९०८ चं पी-०८ याहून वेगळं. त्याची नेहमीची नळी १०० मिमी, काडतूस ९ मिमी, मुठीवर सेफ्टी नाही, आणि युद्धकाळातल्या नगांवर चेंबरच्या माथ्यावर सालच कोरलेलं असतं. गरुड-स्वस्तिक नाही म्हणून नकली, हा तर्क चुकीचा आहे. १९१० च्या आधीच्या शस्त्रावर ते असतं तरच संशय घ्यायचा.

पोर्तुगालने लुगर अनेकदा घेतलं, म्हणून चेंबर नीट वाचा. नांगराचं चिन्ह असेल तर नौदलाचं, ९ मिमी. जीएनआर अक्षरं असतील तर १९३५ चं माउझर कंपनीच्या बनावटीचं, रिपब्लिकन गार्डसाठीचं. सांध्यावर बीवायएफ हा कोड आणि चेंबरवर ४१ किंवा ४२ हे साल असेल तर एम/९४३, तेही ९ मिमी.

आता एक्स्ट्रॅक्टर पाहा, म्हणजे चेंबरमागची छोटी पट्टी. तिच्या डाव्या अंगावर ‘कार्रेगादा’ हा पोर्तुगीज शब्द कोरलेला असतो, अर्थ ‘भरलेलं’. आत काडतूस असलं की ती पट्टी वर उचललेली राहते आणि शब्द दिसतो. ब्राझीलच्या लुगरवरही हाच शब्द आहे, पण त्यांच्या चेंबरवर मुकुट नाही. नुसत्या या शब्दावरून निष्कर्ष काढू नका.

एक धोका मुद्दाम सांगतो. याची सिअर, म्हणजे फायरिंग पिन अडवून धरणारी पट्टी, डाव्या बाजूला असते. साइड-प्लेट (ट्रिगरवरचं बाजूचं झाकण) काढली तरी सिअर दाबून गोळी सुटू शकते. ‘भाग सुटे केले, आता काय होणार’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. मॅगझिन काढून चेंबर रिकामं केल्याची खात्री डीलरच्या आर्मररकडूनच, म्हणजे शस्त्रांच्या कारागिराकडूनच, करून घ्या.

म्हापशाचा_वकील

लायसन होतं आणि शस्त्र वेळेत जमा केलंत, म्हणून पुढचं सोपं आहे. डीलरची जमा-पावती जपून ठेवा. उत्तर गोव्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे वारसाच्या नावे अर्ज करताना ती लागते. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ लायसन, बाकीच्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. गोव्यातल्या आपल्या दिवाणी कायद्याने आई हयात असेल तर अर्धा वाटा तिचा, त्यामुळे तिची संमती आधी घ्या. नुसत्या भावाबहिणींच्या सह्यांवर काम अडतं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाने आलेलंही त्यात मोजतात. जो वारस घेणार त्याच्याकडे आधीच दोन असतील तर दुसऱ्या कुणाचं नाव पुढे करा.

अमेरिकी आकड्यांबद्दल: १०० वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे तिथला ग्राहक तुमच्यापर्यंत पोचूच शकत नाही. तो आकडा इन्व्हेंटरीत लिहिलात तर पिस्तूल घेणारा वारस उगाच बाकीच्यांचं देणं लागेल.

काजूबाग

किमतीचं खरं कोडं काडतुसात आहे. लायसनवर ‘७.६५’ दिसलं की लोक .३२ समजतात. ते ७.६५ ब्राउनिंग, त्याची केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) सरळ, १७ मिमी. हे ७.६५ पॅराबेलम, बाटलीसारखी मान असलेलं, केस सुमारे २१ मिमी. एकाचं दुसऱ्यात चालत नाही, बळजबरी करून तर मुळीच नाही. .३२ आपल्याकडे तयार होतं, पॅराबेलम दुकानात मिळत नाही. म्हणून स्वसंरक्षणासाठी पिस्तूल शोधणारा गिऱ्हाईक याला हात लावत नाही, उरतो तो फक्त लायसनधारक संग्राहक. ९ मिमी असतं तर याहून वाईट झालं असतं, तो बोअरच, म्हणजे नळीचं ते मापच, प्रतिबंधित आहे.

संग्राहक काय बघतो? आधी नंबर. फ्रेमचा पुढचा भाग, नळीचा खालचा भाग, चेंबरचं अंग, सांध्याचे तुकडे, साइड-प्लेट. सुट्या भागांवर शेवटचे दोनच आकडे असतात आणि काही वेळा ते आतल्या बाजूला असतात. दिसले नाहीत म्हणून नाहीत असं धरू नका. एक-दोन भागांचे आकडे वेगळे निघाले की किंमत जवळजवळ अर्ध्यावर येते.

मग रंग. ट्रिगर, सेफ्टीचा खटका, नळी सोडवायचा खटका हे भाग मुळात गवताच्या काडीसारखे पिवळसर असतात. तेही काळेभोर दिसले तर नंतर कोणीतरी सगळंच ब्लूइंगच्या, म्हणजे पोलादाला निळसर-काळा रंग चढवायच्या, हौदात बुडवलंय. भिंग लावून मुकुटाच्या कडा बघा. पॉलिश झालं असेल तर त्या बोथट होतात आणि पिनांच्या भोकांचे काठ आत दबलेले दिसतात. मुठीच्या डाव्या लाकडाचा सेफ्टीजवळचा कोपरा तुटलाय का तेही तपासा. घाईत लाकूड उचकटताना तो हमखास उडतो.

हे सगळं लिहून, फोटो जोडून, दोन परवानाधारक डीलरांकडून लेखी किंमत घ्या. इन्व्हेंटरीला तोच आकडा टिकतो. पोर्तुगीज काळातला घरचा परवाना जुन्या कागदांत सापडला तर तो पिस्तुलासोबतच ठेवा, संग्राहक त्याचे वेगळे पैसे देतो.

डिचोलीकर

खूप आभार. ट्रिगर पिवळसरच आहे. पिस्तूल इतकी वर्षं चामड्याच्या म्यानात होतं. गंजाचं काय करू?

जुनं_लोखंड

म्यानामुळेच गंज आला. चामडं पावसाळ्यातली ओल धरून ठेवतं, कमावताना वापरलेली आम्लंही त्यात उरतात. म्यान टाकून देऊ नका, त्यालाही किंमत आहे, पण पिस्तूल त्यात परत घालू नका.

पॉलिश पेपर, लिंबू, पितांबरी, तारेचा ब्रश, यातलं काहीही नको. लाल पावडरीसारखा सैल गंज तेवढा काढायचा. पातळ मशीन ऑइलचे थेंब टाकून रात्रभर ठेवायचं, सकाळी मऊ सुती फडक्याने हलकेच टिपायचं, आणि हेच दोन-तीनदा. निळ्याखाली खड्डे पडले असतील ते तसेच राहू द्या. खड्डे संग्राहक सहन करतो, घासलेलं पोलाद नाही. खोबरेल कधीच लावू नका, ते चिकट होऊन सांध्यात गोठतं. हे काम आता डीलरकडे, आर्मररच्या हातून होऊ द्या. लायसन तुमच्या नावावर झालं की आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, एकदा आणि गणेश चवथीनंतर एकदा तेलाचं फडकं फिरवा. लाकडाला मात्र तेल लागू देऊ नका, काळं पडतं.