उभं राहून मॅच बघायची स्वस्त जागा वाढवावी का?

पेठेतला_डिफेंडर:
काल रात्री जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबची फुटबॉल मॅच बघितली, गोलमागच्या एका स्टँडात जवळपास 25 हजार माणूस उभा, आणि तिकीट बसणाऱ्यांपेक्षा लै स्वस्त. इंग्लंडात 1989 ला हिल्सबरो स्टेडियमात चेंगराचेंगरी होऊन 97 लोक गेले, त्याच्या चौकशीचा टेलर अहवाल आला आणि वरच्या दोन लीगमधनं उभं राहणंच बंद झालं. 2022 पासनं परत परवानगी आहे, पण प्रत्येक रांगेला धरायला रेलिंग असलेल्या सीटा बसवून. माझं म्हणणं ही जागा अजून वाढवा, पोरांना परवडलं तरच ग्राउंडला आवाज राहतो. आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमला पीटीएम-खंडोबा या दोन तालमींच्या टीमची मॅच असली की कोण बसतंय सांगा बरं.

गुडघेदुखी:
मी बसतो की! पुढची पोरं उठली की मला नुसत्या पाठी दिसतात. गेल्या सीझनला नातीला घेऊन आलो, तिनं सगळी मॅच एका हलगीवाल्याच्या पँटच्या खिशाकडं बघून काढली. गोल कुणी मारला ते घरी येऊन कळलं.

पेठेतला_डिफेंडर:
काका, म्हणूनच तर उभं राहणाऱ्यांना वेगळी जागा पायजे, म्हणजे तुमच्या पुढं कोण नाचणार नाही.

हाफटाइम_चहा:
आणि हिल्सबरो परत झालं तर?

पेठेतला_डिफेंडर:
उभं होते म्हणून नाही मेले ते. बाहेर गर्दी वाढली म्हणून पोलिसांनी गेट उघडलं, लोंढा बोगद्यातनं आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यात शिरला आणि पुढं लोखंडी जाळी, पळणार कुठं? 2016 ला मृत्यूंच्या चौकशीतल्या ज्युरीनं पण सांगितलं, प्रेक्षकांची चूक नव्हती.

हाफटाइम_चहा:
ते मान्य. पण 'स्वस्त' कुठनं आणलास? इंग्लंडात त्या रेलिंगला एका सीटमागं एकच माणूस, म्हणजे गर्दी तेवढीच, मग क्लबवाला तिकीट कशाला उतरवेल? जर्मनीत सीट नसली की जास्त मावतात. डॉर्टमुंडलाच बघ, लीगला 81 हजार, आणि युरोपच्या स्पर्धेतल्या मॅचला सगळ्यांना बसवायची सक्ती होती तेव्हा 66 हजार. तू दोन वेगळ्या गोष्टींचं एकच गाठोडं बांधलायस.

पेठेतला_डिफेंडर:
बरं, हे पटलं. रेलिंग नुसतं जीव वाचवतंय, खिसा नाही. मग त्या जागेचं तिकीट किती, ते पण नियमातच लिहा की.

गुडघेदुखी:
लिहा काय लिहायचं ते. रविवारी माझ्या पुढच्या पायरीवर उभा दिसलास तर पाठीत शेंगा मारीन, भाजलेल्या.