पुरातला तळमजला उचलून गच्चीवर न्यायचा का? सांगलीतल्या जुन्या अपार्टमेंटवर स्टीलचा मजला : मतं द्या

कृष्णाकाठी
गावभागात आमचं अपार्टमेंट आहे, ८८ सालचं, तळमजला धरून चार मजले, प्रत्येकावर चार फ्लॅट. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फूट ६ इंचावर गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट), तळमजल्याची चारही घरं बुडाली. २०२१ ला परत तेच. आलमट्टी धरणामुळं पूर येतो का, यावर इथं सुरू होऊ नका, त्याला वेगळा धागा काढा.
रिडेव्हलपमेंटसाठी बिल्डर येऊन बघून गेले, पूरपट्ट्यात फ्लॅटला दर नाही म्हणून हात वर केले. मग माझं म्हणणं असं की अख्खी बिल्डिंग पाडून राडारोडा करण्यापेक्षा गच्चीवर हलक्या स्टीलच्या फ्रेमची चार घरं बसवायची, भाग कारखान्यात तयार होऊन येतात, इथं फक्त जोडायचे, तळमजल्याची चार कुटुंबं वर जातील आणि खालच्या भिंती काढून पार्किंग होईल. फ्रान्समध्ये बोर्डोला ५३० जुन्या फ्लॅटना असेच तयार भाग जोडले, लोक राहत्या घरात असताना. २०१९ ला त्याला युरोपातला मोठा पुरस्कार मिळाला. आपल्याला का जमू नये?

गच्चीवाला
मी वरच्या मजल्यावर राहतो (तुमच्या बिल्डिंगमध्ये नाही, पण दुखणं तेच). गच्ची गळू नये म्हणून दरवर्षी डांबर फासून फासून दमलोय आणि तुम्ही तिथं भोकं पाडून चार संसार मांडणार? शिवाय गच्ची सगळ्यांची. वाळवण, पापड, सोलर, पाण्याच्या टाक्या, पुरात तर अख्खं गाव गच्चीवरच असतंय. ती चौघांना देऊन बाकी बारा घरांना काय मिळणार ते आधी लिहा.

कृष्णाकाठी
नव्या छताखाली तुमची जुनी गच्ची झाकली जाते, म्हणजे गळतीच बंद. सोलर आणि टाक्या नव्या छतावर. बारा घरांना पार्किंग मिळतं, रस्त्यावर लावलेली गाडी कोण घासून गेलं ते शोधत बसायला नको.

सळई-सिमेंट
स्ट्रक्चरचं काम करतो म्हणून जरा लांब लिहितोय, कंटाळा आला तर सोडून द्या.
पहिलं बोर्डोचं. तिथं मजला चढवलेला नाही. हिवाळी बागा (काचबंद गॅलऱ्या) आणि बाल्कन्या बिल्डिंगच्या बाजूला, स्वतःच्या पायावर उभ्या केल्यात, जुन्या कॉलमवर त्यांचा भार नाही. त्यामुळं तो दाखला इथं लागू पडत नाही.
दुसरं वजन. खरं सांगायचं तर वजनाची मला एवढी भीती नाही. जुन्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, चार इंचाचा धरला तरी चौरस मीटरला साधारण २०० किलो. २०० चौरस मीटरची गच्ची म्हटली तर ४० टन झाले. तो काढून तेवढ्या वजनात स्टीलची फ्रेम आणि पॅनेल बसवता येतात, थोडी काटकसर केली तर. दहा हजार लिटरची टाकी म्हणजे दहा टन, ती नीट कॉलमवर घेतली की अजून सोपं.
मला झोप लागणार नाही ती तुमच्या या शब्दांमुळं : 'खालच्या भिंती काढून पार्किंग'. वर मजला वाढवायचा आणि खाली भिंती काढायच्या म्हणजे खालचा मजला मऊ करायचा. भूकंपात बिल्डिंग हलते तेव्हा वरचं सगळं एकसंध हलतं आणि सगळा मार खालच्या नुसत्या कॉलमवर येतो. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात अहमदाबादमध्ये खाली पार्किंग असलेल्या बिल्डिंगा अशाच बसल्या, आणि अहमदाबाद भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरच्या वर लांब होतं. आपल्याला कोयना त्याच्या निम्म्या अंतरावर आहे, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ८८ सालच्या कॉलममध्ये रिंगा (उभ्या सळयांना बांधून ठेवणारी कडी) आठ-आठ इंचावर, म्हणजे विरळ असतील, आणि दोनदा पुरात भिजलेत, आतली सळई कुठल्या अवस्थेत आहे ते कोर (काँक्रीटला भोक पाडून नमुना) काढल्याशिवाय कळणार नाही.

कृष्णाकाठी
मग भिंती ठेवू. पार्किंग नको. खाली नुसती मोकळी खोली, वायरिंग काढून, पाणी आत-बाहेर जाऊ द्यायचं. चार कुटुंबं वर गेली की माझं काम झालं.

सळई-सिमेंट
ते चालेल, पण कॉलमला जॅकेटिंग (भोवतीनं नवी सळई-काँक्रीट घालून जाड करणं) लागणारच. त्याचा खर्च स्टीलच्या मजल्याइतका झाला तर मला शिव्या देऊ नका.

नियमवाला
कागदाचं कुणी बोलेना. तुमचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करणं) झालंय का? नसेल तर जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर, नवा मजला म्हटलं की तोच एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं तो हक्क) मागत दारात येईल. आधी जिल्हा उपनिबंधकाकडं डीम्ड कन्व्हेयन्स (मालकानं सही दिली नाही तरी जमीन नावावर करून घेणं) करा. दुसरं, निळ्या पूररेषेच्या (नदीजवळची रेषा; लाल तिच्या बाहेरची) आत असाल तर महापालिकेत नवीन बांधकामाचा अर्ज टेबलावरून पुढं सरकणारच नाही. निळ्या-लाल रेषेच्या मध्ये असाल तर बोलायला जागा आहे. आणि पार्किंग एफएसआयमध्ये धरत नाहीत, भिंती ठेवल्यात तर खालचं क्षेत्रफळ मोजलं जाणार, म्हणजे वरच्या मजल्याला एफएसआय कुठून आणणार? सळईवाले म्हणतात भिंत ठेवा, नियम म्हणतो काढा. बसा आता.

मिरजकर
पत्र्याची घरं एप्रिलमध्ये भाजतात. सँडविच पॅनेलमध्ये दोन पत्र्यांच्या मध्ये फोम असतो, आग लागली की धूर किती होतो माहितीये का? रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) घातलं तर ठीक, पण ठेकेदार कोटेशनमध्ये रॉकवूल लिहून फोम घालतो, हे कोण तपासणार. पर्यावरणपूरक वगैरे म्हणायचं आणि पत्र्याखाली दोन-दोन एसी लावायचे.

तळमजला-२
मी तळमजल्यावर राहते. तुमचं सगळं वाचलं. पुरात वरच्या ताईंनी आम्हाला आठवडाभर ठेवून घेतलं, उपकार विसरणार नाही, खरं दरवेळी दुसऱ्याच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपायचं म्हणजे काय असतं ते गच्चीवाल्यांनी एकदा करून बघावं. फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाईक दारातल्या भिंतीवरची पाण्याची खूण बघूनच परत जातंय.
माझी अडचण वेगळी. सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. चार जिने चढवणार कुठून? लिफ्ट बाहेरून स्टीलच्या मनोऱ्यात लावतात म्हणे, पण पुरात पहिली लाइट जाते, मग त्या आठ दिवस वरच अडकल्या तर औषधं बोटीतून?

सळई-सिमेंट
ताई, लिफ्टचा मनोरा स्वतंत्र पायावर घेता येतो, बोर्डोसारखा, जुन्या बिल्डिंगला धक्का नाही. मशीन वर घ्यायचं, खड्ड्यात नाही. काळी माती आहे तेव्हा पाया खोल जाणार. माझं मत विचाराल तर आधी तेवढंच करा, मजल्याचं नंतर. आणि तळमजल्यावरच्या कुटुंबांना वरच्या मजल्यावर कुणी घर भाड्यानं देतंय का बघा, त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअर लागत नाही.

कृष्णाकाठी
भाड्यानं म्हणजे चौघांनी पुराचा दंड महिन्याला भरायचा आणि बाराजणांनी नुसतं बघायचं. पटलं नाही. मी रविवारच्या सभेत बिल्डिंगच्या मजबुतीच्या ऑडिटचा ठराव मांडणार, कोर टेस्टसकट, खर्च सोळा घरांत समान.

गच्चीवाला
समान का? आमच्याकडं असंच निघालं होतं तेव्हा मी लिहून दिलेलं, ऑडिटला पैसे देतो, कारण बिल्डिंग माझ्याही डोक्यावर पडंल. गच्चीच्या हक्कावर सही करणार नाही. दोन ठराव वेगळे मांडा, नाहीतर पहिलाही पडेल.