घरच्या ट्रस्टचे पैसे नक्की कुठल्या कामाला द्यायचे हे कसं ठरवतात? मदत हवी आहे

कोथरूडकरीण

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, चुकीच्या विभागात टाकला असेल तर हलवा.

आजोबांची धायरीची जमीन विकली गेली आणि बाबा, काका, आत्या यांनी मिळून त्यातले एक कोटी बाजूला काढून आजीच्या नावाने ट्रस्ट केला. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली, पॅन झालं, १२ए (ट्रस्टला करमाफी) आणि ८०जीचं (देणगी देणाऱ्याला करसवलत) प्रोव्हिजनल पण आलं, म्हणजे कागदपत्रं एकदम चोख आहेत, फक्त पैसे कुणाला द्यायचे एवढंच ठरलेलं नाहीये :)

मूळ रक्कम एफडीत राहणार, व्याज साधारण सात लाख येईल, ते वाटायचं. पाच ट्रस्टी आहोत. थोरल्या काकांना गावच्या देवळाचा जीर्णोद्धार आणि "आपल्या समाजातल्या" हुशार मुलांना स्कॉलरशिप हवी आहे. बाबांना गावच्या शाळेत कॉम्प्युटर. आत्या आयुष्यभर नर्स होती, तिचं म्हणणं अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचं कोणी बघत नाही, त्यांच्यासाठी काहीतरी करा. चुलत भाऊ टेकड्या आणि भटकी कुत्री. आणि मी, जिचं स्वतःचं काहीच ठाम मत नाही म्हणून सगळ्यांनी एकमताने माझ्यावर ढकललंय की तूच एक पॉलिसी लिहून आण.

मागच्या मीटिंगला पोहे संपेपर्यंत सगळं गोडीत होतं, मग आवाज चढले आणि शेवटी "प्रत्येकाच्या कामाला लाख-सव्वालाख देऊन टाकू" यावर येऊन थांबलं. मला हे पटत नाहीये. संक्रांतीच्या तिळगुळासारखं चिमूट चिमूट सगळ्यांच्या हातावर ठेवायचं आणि पुढच्या वर्षी परत तेच. पण मग एकच काम निवडायचं तर कशाच्या आधारावर? मोठी फाउंडेशन्स हे कसं करतात, कोणी अशा ठिकाणी काम केलंय का, की तिथेही शेवटी घरातला जो मोठ्याने बोलतो त्याचंच चालतं? न्यू जर्सीची बहीण रोज एक लेख पाठवते पण ते सगळं शेकडो कोटीवाल्यांचं असतं. शिवाय तिलाही पैसे घालायचे आहेत.

जुना_सीए

ताई, आवडीनिवडी नंतर बघा, आधी ट्रस्ट डीड (ट्रस्टच्या स्थापनेचा दस्त) उघडा आणि उद्देशांचं कलम वाचा. बऱ्याच घरांत हे डीड वकिलाने छापील नमुन्यावरून केलेलं असतं आणि सही करणाऱ्यांनी वाचलेलं नसतं.

देऊळ: डीडमध्ये धार्मिक उद्देश नसेल तर विषय संपला. असेल तरी ८०जी टिकवायचं तर धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च चालतो. तुमच्या सात लाखांवर ते होतात ३५ हजार. त्यात जीर्णोद्धार काय, रंगकाम पण नाही व्हायचं.

समाजाची स्कॉलरशिप: एका विशिष्ट जातीसाठी किंवा धर्मसमूहासाठी काढलेल्या ट्रस्टला करमाफी नाही, इन्कम टॅक्सचं कलम १३ वाचा. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी अपवाद आहे, तुमच्या काकांच्या समाजाला बहुतेक नसावा. आणि घरातल्याच कुणाच्या नातवाची फी भरायचा विचार असेल तर तो आजच सोडा.

पैसा: उत्पन्नाच्या ८५ टक्के त्या वर्षात खर्च करावा लागतो. स्वतः काम केलंत तर सहा लाखांच्या आत-बाहेर. पण दुसऱ्या ट्रस्टला देणगी दिली तर २०२३ च्या फायनान्स अ‍ॅक्टनंतर त्या देणगीचे ८५ टक्केच खर्च म्हणून धरतात, म्हणजे फक्त संस्थांनाच देणार असाल तर जवळपास अख्खे सात लाख द्यावे लागतात. आणि त्यांना कॉर्पस (कायम ठेवायची मूळ रक्कम) म्हणून देऊ नका, ते धरलंच जात नाही. एखाद्या वर्षी ठरलंच नाही तर त्यासाठीचा फॉर्म भरून कारण लिहून पाच वर्षांपर्यंत साठवता येतं. १ एप्रिल २०२६ पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा आहे, कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा तुमच्या सीएकडून सगळं एकदा ताडून घ्या.

बहीण: पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तिच्या बचतीतले पैसे बँकेतून सरळ चालतात. अमेरिकन नागरिक झाली असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, ती परकीय देणगी. एफसीआरएची (परकीय देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक डॉलरही घेऊ नका.

बाणेरवाला

एवढ्याशा पैशाला ट्रस्ट कशाला काढला हेच कळलं नाही. ऑडिट, रिटर्न, ट्रस्टी बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. सरळ दोन चांगल्या संस्थांना दरवर्षी चेक दिला असता तर मीटिंगही नको आणि पोहेही नकोत.

कोथरूडकरीण

@बाणेरवाला, हो, पण आता झालाय ना. आत्याला आईच्या नावाचं काहीतरी हवं होतं.

@जुना_सीए, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा घरच्या ग्रुपवर टाकला. काकांनी फक्त अंगठा पाठवलाय, म्हणजे रागावलेत. बहीण ओसीआय आहे, तिचा विषय मिटला.

संस्थेतली_एक

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे पैसे मागणाऱ्यांच्या. पंधराएक वर्षं मुलींच्या वसतिगृहाचं काम बघतेय, पुणे जिल्ह्यातच, नाव देत नाही.

देणाऱ्या घरांना पाटी लावता येईल असं काहीतरी हवं असतं. आमच्या जेवणाच्या हॉलबाहेर पाण्याचे तीन फिल्टर ओळीने आहेत, तिघांवर तीन आडनावं, स्टीलच्या पाटीवर कोरलेली, "यांच्या स्मरणार्थ" वगैरे. चालू एकच आहे. कारण फिल्टर द्यायला लोक येतात, कॅन्डल आणि मेम्ब्रेन बदलायला कोणी येत नाही, आणि मेकॅनिक म्हणतो जुन्याचा पार्ट मिळत नाही, नवीनच घ्या. कॉम्प्युटरचंही तेच, तुमच्या बाबांना जरूर सांगा. ते शिकवणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार, हे शाळेला आधी विचारा.

आम्हाला खरं काय लागतं सांगू? रेक्टरचा पगार, गॅस, किराणा, लाइटबिल, आणि पुढच्या वर्षीही मिळणार आहे याची खात्री. सात लाखांत पाच संस्थांच्या पाच वस्तू येतील, किंवा एका संस्थेचा एक माणूस तीन वर्षं उभा राहील. दुसरं कोणी देत नाही, म्हणून तेच द्या असं माझं अगदी स्वार्थी मत.

आणि एक, लहान रकमेसाठी चाळीस पानी फॉर्म मागू नका. १२ए, ८०जी, तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब, दर्पण पोर्टलचा (संस्थांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर एवढं पुरतं. बाकी येऊन बघा. न सांगता दुपारच्या जेवणाला या, अर्धं तिथेच कळतं.

दूरदेशी

मी अमेरिकेत एका फॅमिली फाउंडेशनमध्ये ग्रँटचं काम केलंय, मध्यम आकाराचं, तेव्हा "मोठ्यांकडे कसं चालतं" याला उत्तर देतो. घरातला जो मोठ्याने बोलतो त्याचं चालतं का? सुरुवातीला, हो :) नंतर लोक शहाणे होतात.

तिकडे प्रायव्हेट फाउंडेशनला मालमत्तेच्या साधारण ५ टक्के दरवर्षी वाटावेच लागतात, हा नियम १९६९ च्या कर सुधारणांमधून आला, आणि घरच्यांशी व्यवहारही बंद. त्यांचं ९९०-पीएफ नावाचं रिटर्न कुणालाही बघता येतं, कुठल्या संस्थेला किती दिले सगळं त्यात असतं. बहिणीला म्हणावं लेख नको पाठवूस, तुमच्यासारख्या छोट्या दोन-चार फाउंडेशनची ही रिटर्न्स पाठव. बरीच घरं एकच विषय आणि एकच भाग धरून बसलेली दिसतील, म्हणजे "शिक्षण" असं नाही तर अमुक काउंटीतली पाच वर्षांखालची मुलं. भाग छोटा ठरवला की अर्धे अर्ज आपोआप गळतात आणि नाही म्हणताना वाईटपणा येत नाही.

भांडणावर तिकडचा एक उपाय मला आवडतो. प्रत्येक ट्रस्टीला थोडी रक्कम स्वतःच्या मर्जीने सुचवायला देतात, त्यावर चर्चा नाही, आणि उरलेली मोठी रक्कम एकत्र ठरवलेल्या कामाला. तुमच्याकडे प्रत्येकी २५ हजार म्हटलं तर सव्वा लाख जातील, पावणेसहा उरतील. कुत्र्यांची नसबंदी त्या पंचवीस हजारात बसेल.

तळजाईकर

सगळं वाचलं. एक कोणीच विचारलं नाही, ज्यांच्या नावाने ट्रस्ट आहे त्या आजींना कशाचं होतं?

वि.सू. पितृपक्षाच्या सुमारास पुण्यात "देणे समाजाचे" प्रदर्शन भरतं, वेगवेगळ्या कामांचे स्टॉल एका छताखाली असतात. पाचही ट्रस्टींनी एकत्र जाऊन चक्कर मारा, घरात बसून वाद घालण्यापेक्षा बरं.

कोथरूडकरीण

@तळजाईकर, हे मी बाबांना विचारलं. आजी सदाशिव पेठेत असताना त्यांच्याकडे वार लावून जेवणारे विद्यार्थी यायचे, सोमवारी एक आणि गुरुवारी एक, आणि त्यातला एकजण पुढे इंजिनियर होऊन तिला भेटायला पेढे घेऊन आलेला बाबांना आठवतोय. मला वाटलं झालं, सापडलं! लगेच काका म्हणाले, तीच आजी गावच्या उत्सवाला दरवर्षी समईचं तेल आणि नैवेद्याचे तांदूळ पाठवायची, ते कसं विसरलात. तेही खरंच आहे, आता काय बोलणार.

बाणेरवाला

मग तेल काकांनी स्वतःच्या पाकिटातून घालावं, कलम १३ पण नाही आणि ८५ टक्के पण नाही.

तळजाईकर

वारावरच्या जेवणाचं आजचं रूप म्हणजे मेसचा डबा. बाहेरगावची मुलं पुण्यात शिकायला येतात, फी माफ असते तरी राहण्या-जेवणाला पैसे नसतात. विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून हे एकच काम धरून आहे, तिथे जाऊन बघा, मुलं निवडताना काय विचारतात ते तरी कळेल. फक्त मोठ्या नावाजलेल्या ठिकाणी तुमचे पाच लाख दिसणारही नाहीत, छोट्या वसतिगृहात दिसतील. हा मुद्दाही मीटिंगला काढा.

संस्थेतली_एक

+१. आणि मुलांना स्टेजवर बोलावून चेक द्यायचा कार्यक्रम ठेवू नका, प्लीज. मुली दोन दिवस आधीपासून विचारतात, ताई, आम्ही गेलो नाही तर चालेल का.

कोथरूडकरीण

सगळ्यांचे खूप आभार. रविवारी परत बसलो होतो. सध्या एवढं ठरतंय: प्रत्येकाला २५ हजार मर्जीचे, उरलेले ग्रामीण मुला-मुलींच्या राहण्या-जेवणाला, पुणे जिल्ह्याच्या बाहेर जायचं नाही, आणि एका संस्थेला निदान तीन वर्षं. बाबा कॉम्प्युटरवरून अजून पूर्ण उतरलेले नाहीत पण गावच्या मुख्याध्यापकांना फोन केला तर आधीचेच सहा बंद पडलेत असं कळलं. आत्या मात्र नाराज आहे, आणि मला तिचंच जास्त लागतंय, कारण म्हाताऱ्यांचं खरंच कोणी बघत नाही आणि तिने सोडून बाकी कोणी त्या कामाला जवळून बघितलेलंच नाही. तिला म्हटलंय तीन वर्षांनी तुझा विषय पहिला, पण ती बहात्तर वर्षांची आहे आणि तिने ते लगेच बोलून दाखवलं.

यावर कोणाला काही सुचतंय का? आणि वेल्हे-भोर-मुळशीकडची छोटी वसतिगृहं माहीत असतील, कागदपत्रं नीट असलेली, तर व्यनि (खासगी निरोप) करा.

जुना_सीए

आत्यांना मर्जीच्या २५ हजारांच्या जागी लाख द्या, बाकी चौघांचं कमी करा. मर्जीचे पैसेही डीडच्या उद्देशातच बसले पाहिजेत, तेवढं बघा. आणि जे ठरेल ते ठराव करून मिनिट बुकात लिहा, पाचही सह्या घ्या. ग्रुपवरचे अंगठे ऑडिटला चालत नाहीत.