मदत हवी आहे : सफरचंदाची छोटी बोंडे बाहेरून काळपट आणि आतून गिच्च होत आहेत

वळचण (२८ डिसेंबर, रात्री ९:४०)

नमस्कार. ३१ तारखेला आमच्याकडे पंधरा-सोळा माणसे येणार आहेत आणि त्यांच्यासाठी सफरचंदाची, एका घासात संपतील अशी तळलेली बोंडे करण्याचे मी कबूल करून बसले आहे. आज दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा बोंडे बाहेरून पाहता पाहता गडद तपकिरी झाली, आतले पीठ मात्र ओलसर आणि चिकट राहिले. शिवाय त्यांनी भरपूर तेल प्यायले आणि खाल्ल्यानंतर जिभेवर साबणासारखी विचित्र चव रेंगाळत राहिली. कृती अगदी नेहमीची आहे, वेगळे काही केलेले नाही. नेमके काय चुकते आहे ते कृपया लवकर सांगावे, कारण हाती दोनच दिवस आहेत.

खमंग_फोडणी (रात्री ९:५८)

‘नेहमीची कृती’ म्हणजे कोणती, हे लिहिल्याशिवाय कोणी काय सांगणार? पीठ कोणते, किती, कशात भिजवले, अंडे घातले का, सफरचंद किसून घातले की फोडी करून, आणि तेल किती तापले होते? एवढे तरी लिहा.

बोरकूट (रात्री १०:०५)

ताई, मैदा आणून हा खटाटोप करण्यापेक्षा सरळ गुलगुले करा. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, त्यात कणीक सरबरीत भिजवावी, बडीशेप आणि किसलेले सफरचंद घालून अर्धा तास झाकून ठेवावे आणि मध्यम आचेवर तळावे. आमच्याकडे आखाड तळताना गुलगुले असतातच आणि ते कधीही बिघडत नाहीत.

आधुनिक_सुगरण (रात्री १०:११)

या काळात एवढे तेल कशाला वापरायचे? एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर दहा मिनिटे ठेवा. मी गेल्या दोन वर्षांत घरात कढई चढवलेली नाही.

खमंग_फोडणी (रात्री १०:१६)

@आधुनिक_सुगरण, सरबरीत पीठ एअर फ्रायरच्या जाळीतून खाली गळते आणि तळाला त्याचे धिरडे होते. तेथे गरम हवा असते, तेल नसते. पिठाला चारही बाजूंनी एकदम धरून ठेवणारे काही नसल्यामुळे बोंडाला आकारच येत नाही. कोरडे आवरण असलेल्या पदार्थांना ते यंत्र उत्तम आहे, पण येथे त्याचा उपयोग नाही.

वळचण (रात्री १०:३०)

माझे चुकलेच. आम्ही नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला राहतो, हे मी लिहायला हवे होते. येथे वर्षाच्या शेवटच्या रात्री आपेलबेन्ये नावाचा प्रकार करतात. त्याचेच छोटे रूप मला करायचे आहे. गेल्या वर्षी शेजारच्या आजींनी दिला होता तो अप्रतिम होता. सफरचंदे त्यांनीच सुचवलेली, म्हणजे बोस्कोप आहेत. पीठ सेल्फ रेझिंग १५० ग्रॅम आणि दूध अंदाजाने. अंडे घातलेले नाही, कारण सासूबाई भारतातून आल्या आहेत आणि त्या अंडे खात नाहीत. सफरचंदाच्या बारीक फोडी पिठात घालून चमच्याने तेलात सोडल्या. गुलगुले मलाही आवडतात, पण या वेळी नकोत.

नेदरलँड्सकर (रात्री १०:५२)

मी या देशात अकरा वर्षे आहे, म्हणून थोडे स्पष्ट करतो. आजींनी केलेला प्रकार म्हणजे सफरचंदाचा मधला गाभा पोखरून काढून केलेल्या साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या. त्या पातळसर पिठात बुडवून तळतात आणि वरून पिठीसाखर चाळतात. अनेक घरांत त्यालाच आपेलफ्लॅप म्हणतात, दुकानात मात्र त्या नावाखाली पापुद्र्यांच्या पिठाचा, भट्टीत भाजलेला त्रिकोण मिळतो, आणि यावरून येथील लोक दर डिसेंबरमध्ये वाद घालतात. सफरचंदाचे तुकडे आणि बेदाणे पिठातच कालवून गोळे सोडायचे, तो प्रकार म्हणजे ऑलीबॉल. पण ते पीठ यीस्टचे असते आणि तासभर फुगवावे लागते. आपण पीठ पहिल्या प्रकाराचे घेतले आणि रीत दुसऱ्याची वापरली, असे मला वाटते. चकतीवर पिठाचा पातळ थर असतो, म्हणून तो दोन-तीन मिनिटांत शिजतो. बोंडात मात्र पीठच पीठ असते, त्यामुळे मध्यापर्यंत उष्णता पोहोचण्याआधीच बाहेरची बाजू करपू लागते.

कोकणची_मावशी (रात्री ११:१०)

अगं, आम्ही केळ्याची बोंडे करतो तेव्हा पिठात कडकडीत तेलाचे मोहन घालतो. चांगले दोन पळ्या मोहन घाल, कुरकुरीत होतील.

निवृत्त_रसायनी (रात्री ११:२५)

मावशी, मोहनाने कुरकुरीतपणा येतो हे खरे आहे, परंतु जी बोंडे आधीच तेलाने निथळत आहेत त्यांच्यात आणखी तेल घालणे मला योग्य वाटत नाही.

वळचणताई, साबणासारखी चव आणि भरभर येणारा काळपट रंग ही दोन लक्षणे एकत्र आली की माझा संशय खाण्याच्या सोड्यावर जातो. आपण पिठात सोडा घातला होता का?

वळचण (रात्री ११:३१)

हो, अर्धा चमचा. भज्यांत घालतोच ना.

निवृत्त_रसायनी (रात्री ११:४८)

मग पहिले उत्तर सापडले. सेल्फ रेझिंग पिठात फुगवणारे द्रव्य आधीच मिसळलेले असते आणि त्यात सोडा व त्याला पुरेल इतके आम्ल यांचा मेळ बसवलेला असतो. त्यावर आपण अर्धा चमचा सोडा आणखी घातला, तेव्हा त्याच्याशी संयोग पावायला आम्ल उरले नाही. असा शिल्लक सोडा साबणासारखी चव देतो आणि पिठाला अल्कधर्मी करतो. अशा पिठाला तळताना रंग फार लवकर चढतो. शिवाय जास्त सोड्याने पिठाला मोठी छिद्रे पडतात आणि त्यांतून तेल आत शिरते. आपली बोंडे शिजल्यामुळे तपकिरी झालीच नव्हती. रंगाला फसून आपण ती लवकर बाहेर काढली आणि ती आतून कच्ची राहिली.

चिकित्सक (रात्री ११:५९)

बोस्कोप हे चांगलेच आंबट सफरचंद आहे. मग त्यातील आम्लाने सोडा शमायला नको का?

निवृत्त_रसायनी (२९ डिसेंबर, सकाळी ७:१५)

प्रश्न रास्त आहे, पण ते आम्ल फोडींच्या आत असते आणि सोडा पिठात असतो. फोडीच्या कडेला लागून असलेला सोडा थोडाफार शमेल. उरलेल्या पिठाचे काय?

खमंग_फोडणी (सकाळी ८:०२)

सोड्याचे कारण मला पटले, पण ‘गिच्च’ हा शब्द अजून खटकतो आहे. नुसते कच्चे पीठ आणि गिच्च पीठ यांत फरक असतो. ताई, फोडी कापल्यापासून तेलात जाईपर्यंत आपण त्यांचे काय केले, ते एकही टप्पा न गाळता लिहा. ‘नेहमीचे’ असे लिहू नका.

वळचण (सकाळी ८:४०)

फोडी चिरून त्यांना साखर आणि दालचिनीची पूड लावून तासभर ठेवल्या, म्हणजे चव आत मुरेल. त्यांना बरेच पाणी सुटले. ते छान सुगंधी होते, वाया कशाला घालवायचे म्हणून पिठातच घातले. त्यामुळे पीठ पातळ झाले, म्हणून आणखी पीठ घातले, आणि गुठळ्या राहू नयेत म्हणून विजेच्या रवीने चांगले पाच मिनिटे फेटले. दूध आधीच घातलेले होते.

खमंग_फोडणी (सकाळी ८:५५)

हे कालच लिहिले असते तर आपण सगळे वेळेवर झोपलो असतो!

साखरांब्यासाठी कैरीच्या फोडींना साखर लावली की काय होते, ते आठवा. साखर फोडीतले पाणी बाहेर ओढते आणि पाक तयार होतो. आपण तासभर तेच केलेत. सफरचंदात तसेही शेकडा ८५ भाग पाणी असते. फोडी मुरवल्यामुळे बाहेरून ओल्या झाल्या, पीठ त्यांना धरेना आणि फोडीभोवती वाफेची पोकळी राहिली; तिच्या कडेचे पीठ वाफवल्यासारखे चिकट झाले. साखरेचे पाणी पिठात गेल्याने रंगही लवकर आला, म्हणजे सोड्याने लावलेल्या आगीत साखरेने तेल ओतले. आणि पाच मिनिटे फेटल्याने मैद्याला चिवटपणा आला, म्हणून जे शिजले तेही वातड लागले असणार. मैद्याचे पीठ कोरड्यात ओले घालून जेमतेम एकत्र करायचे असते. चार गुठळ्या राहिल्या तरी बिघडत नाही.

आधुनिक_सुगरण (सकाळी ९:१०)

सफरचंदांवर मेणाचा थर असतो, तो कोमट पाण्यात व्हिनेगर घालून धुवावा. मुलांच्या डब्यात फोडी काळ्या पडू नयेत म्हणून मी मिठाच्या पाण्यातून काढते.

चिकित्सक (सकाळी ९:१४)

साली काढूनच घ्यायच्या असतील तर मेणाचा प्रश्न कोठून आला, आणि येथे डबा कोणाचा आहे?

बोरकूट (सकाळी ९:३०)

भारतात राहणाऱ्यांसाठी सांगतो की लाल डेलिशियस या कामाला घेऊ नये. ते खायला गोड आणि दिसायला देखणे असते, पण उष्णता लागली की रवाळ होते आणि आंबटपणा नसल्याने तळल्यावर त्याची चवच लागत नाही. हिमाचल प्रदेशात कोटगढच्या परिसरात सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकी गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतून आणलेली याच गोड जातीची रोपे लावली, त्याआधी तेथे इंग्रजांनी लावलेली आंबट सफरचंदे होती आणि ती लोकांना आवडत नसत. आज तीच आंबट जात तळणीला उपयोगी पडली असती, अशी गंमत आहे. ग्रॅनी स्मिथ मिळाले तर उत्तम, कारण ते आंबट असते आणि फोड मोडत नाही.

नेदरलँड्सकर (सकाळी १०:०५)

बोस्कोपची फोड शिजल्यावर लवकर मऊ होते, पण तिचा गंध आणि आंबटपणा दुसऱ्या कशात नाही, त्यामुळे आजींचा सल्ला बदलू नये. फक्त फोडी अगदी बारीक न करता सव्वा सेंटिमीटरच्या कराव्यात.

माझ्या घरी अंड्याविना करतो ती कृती देतो. सेल्फ रेझिंग पीठ १३० ग्रॅम, तांदळाचे पीठ २० ग्रॅम, साखर एक मोठा चमचा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळावे. सोडा अजिबात घालू नये. त्यात सुमारे १२० मिलिलिटर थंड दूध थोडे थोडे घालून, चमच्यावरून धार न लागता गोळा सावकाश सुटेल इतपत दाट भिजवावे. दोन मध्यम सफरचंदे अगदी शेवटी सोलून चिरावीत, फोडी टिपकागदाने कोरड्या कराव्यात, त्यांवर चमचाभर सुके पीठ आणि दालचिनी भुरभुरवून लगेच कालवून तळायला घ्याव्यात. साखर फोडींना नको. वरून लावायची असते. दोन चमच्यांनी लहान लिंबाएवढेच गोळे सोडावेत, मोठे नकोत.

निवृत्त_रसायनी (सकाळी १०:२०)

तेलाचे तापमान कोणी विचारलेच नाही. ताई, आपण ते कसे मोजले?

वळचण (सकाळी १०:२६)

इंडक्शनवर नववा आकडा, सगळ्यात मोठा.

निवृत्त_रसायनी (सकाळी १०:४१)

तो आकडा शक्तीचा असतो, तेलाच्या तापमानाचा नव्हे. नऊवर ठेवलेले तेल तापतच राहते. १७० ते १७५ अंश पुरेत. तापमापक नसेल तर पिठाचा थेंब सोडावा : तो तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे, पडताक्षणी वर येऊन लगेच लाल झाला तर फार तापले आहे, आणि बुडून दोन-तीन सेकंदांत शांतपणे वर आला तर घाणा घालायला हरकत नाही. एका घाण्यात सहा-सातच बोंडे असावीत, अन्यथा तेल एकदम निवते आणि बोंडे ते पिऊ लागतात. पहिले बोंड मोडून आत पाहिल्याशिवाय दुसरा घाणा घालू नये.

कोकणची_मावशी (सकाळी ११:००)

आणि कागदावर ढीग करू नकोस गं, खालची वाफेने मऊ पडतात. चाळणीत किंवा जाळीवर मोकळी ठेव. मोहनाचे मी सांगितले ते तांदळाच्या पिठाबरोबर एक पळी चालेल, दोन नकोत, हे मान्य.

वळचण (सायंकाळी ६:५०)

सर्वांचे मनापासून आभार. नेदरलँड्सकरांच्या मापाने अर्धाच घाट घातला. सोडा नाही, मुरवणे नाही, रवी नाही, शेगडी सहावर. पहिली चार बोंडे फिकी निघाली, कारण या वेळी मी फार घाबरून तेल थंड ठेवले होते. त्यानंतरची चार मिनिटांत सोनेरी झाली आणि आतून जाळीदार निघाली. साबणाची चव पूर्ण गेली. सासूबाईंनी तीन खाल्ली आणि थोडी वेलची हवी होती असे म्हणाल्या. मात्र गरम असतानाच पिठीसाखर चाळली, ती विरघळून बोंडे चिकट झाली. आता एकच अडचण उरली आहे : पाहुणे आठला येतील आणि मला त्यांच्यासमोर तळत बसायचे नाही. सहा वाजता तळून ठेवली तर चालतील का?

नेदरलँड्सकर (सायंकाळी ७:१५)

चालतील. भट्टी आधी १८० अंशांवर तापवून जाळीवर पाच-सहा मिनिटे गरम करावीत, झाकू नयेत, आणि साखर वाढताना चाळावी. तळण शक्यतो बाल्कनीत करावे. येथे बरेच लोक त्या दिवशी बाहेरच तळतात, नाहीतर वास आठवडाभर पडद्यांत राहतो. उरलेले तेल मोरीत ओतू नये. ते निवल्यावर बाटलीत भरून सुपरमार्केटजवळच्या पिवळ्या पिंपात टाकता येते.

आधुनिक_सुगरण (सायंकाळी ७:२२)

भट्टीपेक्षा परत गरम करायला तरी एअर फ्रायर वापरा.

खमंग_फोडणी (सायंकाळी ७:२५)

@आधुनिक_सुगरण, या एका बाबतीत माझी पूर्ण सहमती आहे. तीन मिनिटे पुरतील.