इलेक्ट्रिक कार, स्कूटर आणि गच्चीवर सोलर: कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या घरात सुरुवात कुठून करायची?

शाहूपुरीकर

घर तळमजला अधिक एक. सिंगल फेज, मंजूर भार ३ किलोवॅट, वापर महिन्याला सरासरी १९० युनिट. एक इलेक्ट्रिक कार (बॅटरी ३० युनिटची) आणि एक स्कूटर घ्यायची आहे. गोकुळ शिरगाव एमआयडीसीला जाणं-येणं आणि गावातली फिरती धरून कार रोज ४० किमी, स्कूटर २० किमी. पुढे इंडक्शन शेगडीही येईल. गच्चीवर ४५० चौरस फूट मोकळी जागा, सावली नाही. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा मोठा चार्जर), बॅटरीसकट सोलर आणि वायफाय स्विचेस असं एकत्र पॅकेज सुचवलं जातंय. यातलं खरंच काय लागतं आणि आधी काय करायचं? २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यात पाणी होतं.

अर्थिंगवाला

पॅकेज तूर्त बाजूला ठेवा. आधी मीटर आणि अर्थिंग.

४० किमीला कार साधारण ६ युनिट घेते, चार्जिंगमधली घट धरून साडेसहा. कारसोबत येणाऱ्या ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर हे दोन तासांत होतं. रिकामी बॅटरी पूर्ण भरायलाही नऊ-दहा तास, म्हणजे एक रात्र. त्यामुळं वॉलबॉक्स तुम्हाला लागत नाही. तो एकटाच ३२ अँपिअर ओढतो.

तरी ३ किलोवॅटचा मंजूर भार पुरणार नाही. कार ३.३, गिझर २, इंडक्शन २, वर फ्रीज आणि पाण्याची मोटर. महावितरणकडं भारवाढीचा अर्ज करून ८ किलोवॅट थ्री फेज घ्या. बिलात स्थिर आकार वाढेल, पण कारला एक फेज मोकळी मिळेल. मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर जुनी ॲल्युमिनियमची असेल तर याच वेळी बदलून घ्या.

आता अर्थिंग. नव्वद टक्के "चार्जर लाल दिवा दाखवतोय" या तक्रारींचं मूळ मला इथंच दिसतं. १५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये मल्टीमीटर लावा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ १५० दाखवलं तर अर्थ फक्त नावाला आहे. ही तपासणी गिझर चालू ठेवून करा, लोड नसताना सगळं छानच दिसतं. घरच्या इन्व्हर्टरवर कार चार्जिंगला लावू नका. अर्थिंग चांगलं असूनही चार्जर अर्थ फॉल्ट दाखवेल, कारण तिथं न्यूट्रल बहुधा तरंगता, म्हणजे अर्थशी न जोडलेला असतो.

चार्जिंगसाठी स्वतंत्र अर्थ पिट करा: ३ मीटरचा कॉपर बॉन्डेड (तांब्याचा थर दिलेला) रॉड, भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती), तिथून ६ स्क्वेअर मिमीची हिरवी वायर. रेझिस्टन्स ५ ओहमच्या आत हवा. मीठ-कोळशाचा जुना पिट पावसाळ्यात उत्तम रीडिंग देतो. मे महिन्यात नदीकाठची काळी माती भेगाळली की तेच रीडिंग दुप्पट-तिप्पट होतं. म्हणून मोजायचं मे महिन्यात.

डीबीपासून (घरातल्या ब्रेकरच्या बोर्डापासून) सॉकेटपर्यंत ४ स्क्वेअर मिमीची कॉपर वायर, फक्त कारसाठी. २० अँपिअरचा डबल पोल आरसीबीओ (जादा करंट किंवा गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर), सी कर्व्ह, ३० मिलिअँपिअर, टाइप ए. जुना टाइप एसी चालणार नाही, चार्जरमधून येणारा डीसी मिसळलेला गळतीचा करंट त्याला नीट कळत नाही. आणि या सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्या कुठल्याही सर्किटला जोडायचा नाही, नाहीतर आरसीबीओ विनाकारण ट्रिप होत राहील.

सॉकेट १६ अँपिअरचं, जाड पितळी कॉन्टॅक्टचं, वेदरप्रूफ बॉक्समध्ये. पहिल्या दिवशी चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. बोट टेकवत नसेल, पिनेभोवती प्लास्टिक तपकिरी पडलं असेल किंवा जळकट वास येत असेल तर लगेच बंद करा. आत स्क्रू सैल आहे किंवा सॉकेट हलकं आहे. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

गच्चीवरचं_ऊन

वरचं सगळं पटलं. सोलरचं गणित असं: घर १९०, कार महिन्याला २६ दिवसांचे १६५-१७०, स्कूटर २०, इंडक्शन ५० धरा. सव्वाचारशे ते ४३० युनिट. कोल्हापुरात १ किलोवॅट वर्षाला अंदाजे १४०० युनिट देतो, म्हणजे तुम्हाला ४ किलोवॅट. किलोवॅटला १०० चौरस फूट या हिशेबानं जागा पुरते. पॅनल दक्षिणेकडं १५-१७ अंश कलते. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं मिळून ७८,००० अनुदान आहे, चौथ्याला काही नाही. पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच (डीसीआर) हवेत, आणि सोलरची क्षमता मंजूर भारात बसायला हवी. म्हणून भारवाढ आधी.

सोलरला बॅटरी नको. नेट मीटर असल्यावर जादा युनिट महावितरणकडं जमा होतात आणि पुढच्या महिन्यात वळते होतात. हिशेब ३१ मार्चला बंद होतो, उरलेल्या युनिटना कमी दर मिळतो. एप्रिल-मेमधली शिल्लक मात्र जुलै-ऑगस्टला कामी येते, जेव्हा इथं उत्पादन निम्म्यावर येतं. एवढं लक्षात ठेवा की वीज गेली की ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला) इन्व्हर्टरही बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला सोलरच्या विजेचा शॉक बसू नये म्हणून ते गरजेचंच आहे.

धुण्याचंही सांगतो. ऊसतोडीच्या काळात पाचट जाळल्याची आणि गुऱ्हाळांची काजळी पॅनलवर बसते, ती नुसत्या पाण्यानं जात नाही. पहाटे काच गार असताना मऊ स्पंजनं पुसा. बोअरचं जड पाणी वापरलं तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात, नळाचं वापरा.

शाहूपुरीकर

दोघांचेही आभार. मग स्मार्ट स्विचचं काय? आणि पुराच्या दृष्टीनं कुठं काय बसवायचं?

अर्थिंगवाला

कारला वायफाय प्लग लावू नका. तासन् तास १४-१५ अँपिअर सोसण्याजोगे ते नसतात, आतला रिले चिकटतो किंवा वितळतो. वेळ कारच्या ॲपमधूनच लावा. मुख्य डीबीत सीटी (वायरभोवती बसणारी करंट मोजणारी कडी) बसवलेला वायफाय एनर्जी मीटर घ्या आणि गिझरला टायमर. एवढं स्मार्ट पुरे. गिझर चालू झाला की कारची वीज आपोआप तोडणारा कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) काही जण सुचवतात. पण काही गाड्या मध्येच वीज तुटल्यावर आपोआप पुन्हा चार्ज व्हायला लागत नाहीत, सकाळी बॅटरी अर्धीच सापडते. स्मार्ट टीओडी (वेळेनुसार दर लावणारा) मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापराला सवलत आहे. सुट्टीच्या दिवशीचं चार्जिंग तेव्हा.

पुरासाठी: तळमजल्यात फक्त सॉकेट, तेही तुमच्या भिंतीवरच्या २०२१ च्या खुणेच्या वर जमलं तर उत्तमच. आरसीबीओ आणि आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) पहिल्या मजल्यावर, सोलर इन्व्हर्टर आणि त्याचे डीबी जिन्याच्या वरच्या खोलीत. घरचा एसी पुरवठा बंद केला तरी दिवसा पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी वायरमध्ये शेकडो व्होल्ट असतात. ती वायर तळमजल्यावरून फिरवू देऊ नका. स्कूटर जिन्याखाली चार्ज करू नका, बाहेर पडायची वाट तीच असते.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३९ कडं सरकायला लागलं की कार पूर्ण भरून उंचावर नेऊन लावा, पुढं भागातली वीज तोडली जाते. गाडी पाण्यात उभी राहिलीच तर चालू करू नका, चार्जरही लावू नका, टोइंगनं वर्कशॉपला. पाणी ओसरल्यावर सॉकेट उघडून वाळवा, मग वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्रानं) तपासून घ्या. १ मेगाओहमच्या खाली रीडिंग असेल तर ती वायर बदलायची.