अळी, कोश, फुलपाखरू : बडोदेकरांनो, घरचे अनुभव लिहा

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिथे तिने परसात मिल्कवीड लावलंय आणि दर उन्हाळ्यात त्याच्यावरच्या मोनार्कच्या अळ्या जाळीच्या डब्यात वाढवते. सप्टेंबरात सोडलेली फुलपाखरं तिथून पार मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांत जातात, फरच्या झाडांवर लाखोंनी लटकून हिवाळा काढतात. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे नसतात ना गं?"

मोनार्क नसतात. पण त्याच कुळातलं प्लेन टायगर आपल्या बडोद्यात गल्लोगल्ली आहे, आणि त्याचं मिल्कवीड म्हणजे आपली रुई. इथे सगळे आकडो म्हणतात तीच, शनिवारी हनुमानाला हार घालतो ती. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीत आपोआप उगवली होती. दरवर्षी उपटायचो, तीन वर्षांपूर्वी राहू दिली.

पानाच्या पाठीला खसखशीएवढं पांढरं अंडं. तीन-चार दिवसांनी अळी निघाली आणि आधी तिने स्वतःचं कवचच खाल्लं. मोठी झाली की काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. पान खायच्या आधी ती मधली शीर कुरतडते. चीक तिथेच गळून जातो, मग पुढचं पान सावकाश खाते. हे मी रोज चहा घेताना बघत बसायचे. पंधराएक दिवसांनी ती कुंडीच्या काठाला उलटी लटकली, अंगाचा आकडा केला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत कातडी मागे सरकत गेली. आत पोपटी कोश, त्यावर सोनेरी टिकल्या.

एक आधीच सांगते. रुईची पानं तोडून तोच हात यांनी डोळ्याला लावला. रात्रीपर्यंत धुकं दिसायला लागलं, आठवडाभर डॉक्टरांचे थेंब चालले. पानं तोडलीत की साबणाने हात धुवा, मुलांना तोडू देऊ नका.

आता तुम्ही लिहा. काय लावलंत, काय आलं, काय मेलं, सगळं.

कारेलीबागेतून

आमच्या लिंबाला मी वीस वर्षं निंबोळीचं तेल फवारत आलो. पानांवर चिमणीची शीट पडल्यासारखं काही दिसलं की समजायचं, कीड आली. निवृत्त झाल्यावर नातवाने विचारलं, "आजोबा, ही शीट चालते कशी?" त्या दिवशी पहिल्यांदा चष्मा लावून नीट पाहिलं. लाइम बटरफ्लायच्या अळ्या त्या. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात. बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर काढतात आणि घाणेरडा वास सोडतात, त्यांचं संरक्षणच ते. वीस वर्षांत मी किती मारल्या असतील, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फवारणी बंद केली. पहिल्या पावसाळ्यात दोन फांद्या बोडक्या झाल्या, सौ. नाराज होत्या. दिवाळीपर्यंत पुन्हा पालवी आली आणि लिंबं नेहमीसारखीच लागली. सगळे कोश मात्र फुटत नाहीत. एकाला बारीक गोल भोक पडलं आणि आतून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या जातीची एक चिमुकली माशी निघाली. नातू रडला. त्याला काय सांगावं मला सुचलं नाही.

मांजलपूरहून

तिसरा मजला, गॅलरीत चार कुंड्या. नर्सरीतून छान भरलेला कढीपत्ता आणला, इथल्या भाषेत मीठो लीमडो. आठवड्यात कॉमन मॉर्मन येऊन अंडी घालून गेलं. सात अळ्या मोजल्या. दोन दिवसांत सातही काळ्या पडून पानांना चिकटल्या. नर्सरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, मातीत दवा टाकली होती, चांगली वाढावी म्हणून. ते औषध मुळांतून पानापानात गेलेलं, धुऊन जाणारं नव्हे. आता आईच्या घरच्या झाडाच्या मुळाशी फुटलेलं रोप लावलंय. वाढायला एक वर्ष गेलं, पण यंदा तीन फुलपाखरं उडाली. दुकानातून आणाल तर आधी हे विचारून घ्या, एवढंच कळकळीने सांगते.

वाडीतून

फुलांसाठी घाणेरी आणि सदाफुली पुरेत, पण मुक्काम पानांवर असतो. आमच्या ओट्याशी घोळ उगवते. आम्ही तिची भाजी करतो, आणि डॅनाइड एगफ्लाय तिच्यावर अंडी घालतं. त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी! रुई खाऊन वाढलेलं प्लेन टायगर विषारी, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. हिने नुसतं रूप घेऊन जीव वाचवला. नर मात्र काळाभोर, पांढऱ्या ठिपक्यांना जांभळी झाक. मी आता निम्मी घोळ भाजीला काढते, निम्मी ठेवते.

समा भागातून

2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरून काय काय वर न्यायचं याची धावपळ होती. आईने गॅसची शेगडी उचलली, मी कागदपत्रं, आणि धाकट्या बहिणीने रुईच्या पाच अळ्यांचा स्टीलचा डबा. मी तिच्यावर ओरडलो. कंपाउंडची रुई पाण्याखाली, वीज नाही, आणि डब्यात पानं दीड दिवसाची. वरच्या काकूंनी मारुतीच्या तसबिरीवरचा शनिवारचा हार काढून दिला. पानं सुकलेली होती, बहिणीने पाण्यात ठेवून टवटवीत केली. तीन अळ्या जगल्या, काकूंच्या खिडकीच्या गजाला त्यांनी कोश केले. पाणी ओसरल्यावर आम्ही खाली गाळ काढत होतो, आणि काकू वरून हाक मारत होत्या, "अरे या, एक निघालं!"

आता यंदाचं विचारतो. काल संध्याकाळपासून आमचा एक कोश काळपट दिसतोय. मेला का?

दांडिया बाजारातून

नाही रे, घाबरू नकोस. काळपटात नारिंगी झाक दिसते का बघ. दिसत असेल तर कवच पारदर्शक झालंय, ते पंखच आहेत. सकाळी खिडकी उघडी ठेव, पंखा बंद कर. निघाल्यावर पंख चुरगळलेले, ओले असतात. तासभर लटकू दे, हात लावू नकोस.

समा भागातून

साडेआठला निघालं, मावशी. मागच्या पंखावर चार काळे ठिपके आहेत, म्हणजे नर. बहीण अजून खिडकीपाशीच उभी आहे, शाळेला उशीर होतोय तिला.